सिनियर पोर्ट्रेट: स्टुडिओत ड्रेप घालून की रात्री पार्किंग लॉटमध्ये फ्लॅश मारून?

ओहायोची_आई

नमस्कार मंडळी. लेक या फॉलमध्ये बारावीला जाईल, आमच्या घरातली पहिली सिनियर, आणि शाळा सुटून आठवडा होत नाही तोच सिनियर पोर्ट्रेटचं पत्र आलंय. शाळेचा ठरलेला स्टुडिओ आहे, जुलैमध्ये सिटिंग, इयरबुकसाठी (शाळा दरवर्षी मुलांच्या फोटोंचं जे पुस्तक छापते ते) मुलींनी काळा ड्रेप आणि मुलांनी टक्स, म्हणजे बो-टायवाला काळा सूट, घालायचा, ते कपडे स्टुडिओच देणार. ड्रेप म्हणजे काय ते मी त्यांच्या साइटवर बघितलं, मखमलीसारखं काळं कापड, खांदे उघडे, पुढे व्ही गळा, आणि मागून क्लिपा लावून घट्ट करतात. खाली मुलगी तिच्या शॉर्ट्समध्येच असते पण फोटोत वाटतं की इव्हिनिंग गाऊन घातलाय.

लेकीचं म्हणणं एकदम दुसरं टोक. तिला यातलं काहीच नकोय. तिने फोनवर जे फोटो दाखवले ते बघून मी गोंधळलेच, रात्रीचा पार्किंग लॉट, तोंडावर थेट फ्लॅश, मागे मिट्ट काळोख, सगळा फोटो दाणेदार, कोणी कॅमेऱ्याकडे धड बघत पण नाहीये, एकीचा तर अर्धा चेहरा केसांखाली. मला ते कोणीतरी घाईघाईत काढल्यासारखे वाटले आणि ती म्हणते आई यासाठीच लोक पैसे देतात. नवऱ्याचं म्हणणं शाळेचा एक फोटो झाला की विषय संपला.

मी इथे अमेरिकेत शिकलेली नाही त्यामुळे या सगळ्याचं मूळच मला नीट माहीत नाही. हा ड्रेप कुठून आला, तो घालावाच लागतो का, बाहेरच्या फोटोग्राफरकडून काढलेला फोटो इयरबुकात चालतो का, आणि मुख्य म्हणजे आज मुलांना जे आवडतंय ते दहा वर्षांनी बघवेल का? अजून एक, माझ्या आईची पैठणी आहे, लेक स्वतःहून म्हणाली की एक फोटो त्यात हवा. ते या सगळ्यात कुठे बसवायचं तेही सांगा. ज्यांची मुलं यातून गेलीयेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

उजेड_सावली

ताई, मी मिनेसोटात असतो, नोकरी सांभाळून बरीच वर्षं सिनियर सेशन करतोय. मिडवेस्टमध्ये या प्रकाराचं वेड जरा जास्तच आहे त्यामुळे जुने नवे सगळे नमुने बघायला मिळतात. जरा लांबण लावतो, कारण तुमच्या लेकीला जे हवंय ते कुठून आलं हे कळलं की ते इतकं विचित्र वाटणार नाही.

सुरुवात कॉलेजांपासून झाली. १८६० च्या दशकात बॉस्टनकडे जॉर्ज वॉरन नावाचा फोटोग्राफर होता, तो हार्वर्ड, येल अशा कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पोर्ट्रेट काढायचा आणि मुलं एकमेकांचे प्रिंट विकत घेऊन त्यांचे अल्बम बांधून घ्यायची. पुढे छपाई स्वस्त झाली, हायस्कूलांनी तेच उचललं. तेव्हाच्या फोटोंत कोणी हसत नाही. चित्रकाराकडून पोर्ट्रेट करून घ्यायची जी गंभीर रीत होती तीच फोटोत आली होती. बर्कलीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जुन्या अमेरिकन इयरबुकांमधले ३७ हजारांहून जास्त चेहरे कॉम्प्युटरने तपासले, १९०५ पासून २०१३ पर्यंतचे, आणि त्यात स्वच्छ दिसतं की हसू दशकांमागून दशकं वाढत गेलंय, आणि मुली कायम मुलांपेक्षा जास्त हसतात. म्हणजे फोटो काढताना हसायचं हे आपल्याला उपजत वाटतं पण ती पण एक स्टाईलच आहे, आली आणि टिकली. तुमच्या मुलीच्या पिढीला आता न हसता फोटो काढायचेत त्यात नवीन काही नाही.

१९४० आणि ५० च्या सुमाराचा नमुना म्हणजे खांद्यापर्यंतचा फोटो, मान थोडी वळलेली, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी, कडा धूसर होत पांढऱ्यात मिसळलेल्या. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने मुरमं झाकायचे आणि मग प्रिंटवर कापसाने तेलरंग चोळून गाल आणि ओठ रंगवायचे. हे एकेका प्रिंटवर हाताने चालायचं. असा एक फोटो मी एका आजींच्या घरी हातात घेऊन पाहिलाय, स्वेटरचा निळा रंग गळ्याच्या कडेला किंचित बाहेर आलाय आणि डोळ्यांना मात्र हातच लावलेला नाही, ते करडेच आहेत. आज ज्याला आपण फिल्टर म्हणतो ते सगळं तेव्हाही होतंच.

मग रंगीत फिल्म आली. तरी फोटो मोजूनच निघायचे, कारण मिडियम फॉरमॅटच्या रोलवर चौकोनी फ्रेम बसतात १२. म्हणजे चार पाच पोझ ठरलेल्या, हनुवटीखाली मूठ, झाडाला टेकून, खुर्चीच्या पाठीवर हात. घरी कागदी प्रूफ, म्हणजे निवडायला नमुन्याचे प्रिंट, यायचे, त्यातून आई निवडायची, मोठा फोटो भिंतीवर आणि बाकीचे वॉलेट साइज, अडीच बाय साडेतीन इंच, मैत्रिणींना मागे चार ओळी लिहून वाटायचे. ७० आणि ८० च्या दशकात डबल एक्स्पोजरची लाट होती, काळ्या बॅकड्रॉपवर खाली समोरून चेहरा आणि वर कोपऱ्यात त्याच मुलीचा बाजूने दिसणारा मोठा धूसर चेहरा, जसं काही ती स्वतःचाच विचार करतेय. ८० मध्ये लेझरच्या रेघांचे बॅकड्रॉप. ९० मध्ये ग्रॅज्युएशनच्या वर्षाचे मोठे आकडे, प्लास्टरचे खांब, गिटार, फुटबॉल, कोणाकोणाचा ट्रक पण.

डिजिटल आलं आणि ही मोजामोजी संपली. एका सेशनला शेकड्याने फोटो, पाच वेळा कपडे बदलायचे. २००० च्या दशकात सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त हातातलं फूल लाल, ते तुम्ही पाहिलं असेलच. मग इन्स्टाग्राम. विटांची भिंत, गव्हासारखं उंच गवत, सूर्यास्ताच्या आधीचा पिवळा उजेड, मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. २०१२ ते २०१९ च्या दरम्यानचे सिनियर फोटो एकमेकांशेजारी ठेवा, कोण कुठल्या राज्यातली ते ओळखता येणार नाही. मीही असे खूप काढले आणि ते सुंदरच दिसतात, पण मुलांना आता त्याचा कंटाळा आलाय हे मी समजू शकतो. त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक चेहरा आपोआप गुळगुळीत होतो, मागचं आपोआप धूसर होतं. म्हणून त्यांना जुना छोटा डिजिटल कॅमेरा, फिल्म, थेट फ्लॅश हवासा वाटतो, ज्यात त्वचा त्वचेसारखी दिसते आणि मागे खांद्याची काळी सावली पडते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, फोटो कसा असावा हे कोण ठरवतं ते बदललंय. आधी स्टुडिओ ठरवायचा, मग बरीच वर्षं पैसे देणारी आई, आणि आता जिचा फोटो आहे ती. मी हे मनापासून चांगलं मानतो. सतरा वर्षांच्या मुलीला आपण कसे दिसतो याबद्दल काहीतरी म्हणायचं असतं आणि हे तिला एरवी कोणी विचारत नाही. त्यामुळे ते रात्रीचे फोटो तिला काढू द्याच. फक्त ते नीट येणाऱ्या माणसाकडून, कारण थेट फ्लॅश दिसतो सोपा पण कपाळ चमकतं आणि डोळे बारीक होतात.

आणि एक आपल्या लोकांसाठी. फोटोग्राफर निवडताना त्याच्या पेजवर सावळ्या, गव्हाळ रंगाची माणसं कशी दिसतायत ते आधी बघा. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची जी कार्डं वापरायचे, ज्यांना शर्ली कार्ड म्हणायचे, त्यावर बराच काळ गोरीच मॉडेल असायची, वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड ९० च्या दशकात आलं. त्यामुळे जुन्या शाळेच्या फोटोंत काळी आणि सावळी मुलं नुसती अंधारलेली दिसतात. आता फिल्म नाही पण तोच प्रकार एडिटिंगमध्ये होतो, ती जी पांढरट, हवेशीर एडिटिंगची फॅशन आहे ना, त्यात केशरी रंग खाली ओढतात, गोऱ्या त्वचेवर ते छान दिसतं आणि आपली त्वचा राखेसारखी करडी होते. पैठणीचे रंग पण मारले जातात, जांभळा असेल तर तपकिरी दिसेल. हे आधीच बोलून घ्या.

टेक्सासची_टीचर

वरचं सगळं वाचलं, खूप छान लिहिलंय. मी हायस्कूलला शिकवते आणि इयरबुकच्या मुलांसोबत काम करते तर त्या बाजूने सांगते.

ड्रेप मला सुरुवातीला खूप खटकायचा, पण पान लावायला बसलं की कारण कळतं. एका पानावर वीस पंचवीस चेहरे ओळीने येतात, सगळ्यांच्या डोक्याचा आकार सारखा हवा, डोळे एका रेषेत हवेत, बॅकग्राउंड एकाच रंगाची हवी. त्यात एकीने लाल टॉप घातला की सगळं पान तिच्याकडेच धावतं. आणि दुसरं कारण मला जास्त पटतं, ड्रेप आणि टक्समध्ये कोणाच्या घरी किती पैसा आहे ते दिसत नाही. ज्या मुलाकडे सूट नाही तोही तितकाच रुबाबदार दिसतो. आमच्या शाळेत अशी मुलं आहेत ज्यांचा आयुष्यातला पहिला टाय तो तिथला क्लिपवाला टाय असतो आणि ती आरशासमोरून हलत नाहीत.

पण मुलगी म्हणजे ड्रेप आणि मुलगा म्हणजे टक्स ही जी वाटणी आहे ती आता बऱ्याच ठिकाणी सैल झालीये आणि ती आपोआप झालेली नाही. मिसिसिपीमध्ये २०१० मध्ये एका मुलीने टक्स घालून फोटो काढला म्हणून शाळेने तिला इयरबुकच्या सिनियर पानांवर घेतलंच नाही, एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने ती कोर्टात गेली, आणि शेवटी तडजोड झाली त्यात त्या डिस्ट्रिक्टने सगळ्यांसाठी एकच कॅप आणि गाऊन ठरवला. फ्लोरिडात २०२१ मध्ये एका शाळेने इयरबुकातल्या ८० मुलींच्या फोटोत छातीवर कपडा कॉम्प्युटरने वाढवून टाकला, तेही इतका ओबडधोबड की कोणालाही दिसावं, आणि मुलांचे स्विमिंगच्या कपड्यातले फोटो तसेच ठेवले. पालक भडकले, शाळेला पुस्तकाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. मी हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडचे पालक पत्रात लिहिलंय म्हणजे नियम आहे असं धरून चालतात. तुमच्या मुलीला खांदे उघडे नको असतील तर काउन्सेलरला किंवा इयरबुकच्या टीचरला आधी ईमेल करा, बहुतेक स्टुडिओंकडे बंद गळ्याचा पर्याय किंवा गाऊन असतो, फक्त तो मागावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. माझ्या हिजाब घालणाऱ्या विद्यार्थिनी दरवर्षी आधी कळवतात आणि काही अडत नाही.

बाहेरच्या फोटोग्राफरचा फोटो चालतो की नाही हे शाळेवर आहे. काही शाळा फक्त त्यांच्या स्टुडिओचाच घेतात, काही बाहेरचा घेतात पण उभा हवा, इतक्या पिक्सेलचा हवा, हातात काही नको, टोपी नको अशा अटी असतात. प्रॉप्सचे, म्हणजे फोटोत हातात धरायच्या वस्तूंचे, नियम पण गावागणिक वेगळे. नेब्रास्कात ब्रोकन बो म्हणून गाव आहे तिथल्या स्कूल बोर्डाने २०१४ मध्ये सिनियर फोटोत शिकारीची बंदूक धरायला परवानगी दिली, कोणावर रोखलेली नसेल आणि फोटो सभ्य असेल तर. आमच्याकडे बास्केटबॉल धरला तरी फोटो परत येतो.

आणि डेडलाइन! ती पाळा. फॉलमध्ये कधीतरी असते, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. फोटो आला नाही तर मुलाच्या नावापुढे रिकामी चौकट छापली जाते किंवा नाव मागच्या यादीत जातं, आणि मे महिन्यात पुस्तक हातात आल्यावर जो चेहरा होतो मुलांचा तो बघवत नाही. अजून एक, इयरबुकात फोटो येण्यासाठी पॅकेज विकत घ्यावं लागत नाही. पोझ देऊन या, घरी येणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवा. शंका असेल तर शाळेला लेखी विचारा.

बावीसची_बॅच

हाय काकू! मी २०२२ ला न्यू जर्सीतून ग्रॅज्युएट झाले, माझी मराठी लिहिताना थोडी चुकेल. तुमच्या मुलीच्या बाजूने लिहायला आलेय.

आम्ही आमच्या फोनमध्ये स्वतःचे हजारो फोटो बघतो. त्यामुळे गवतात उभं राहून खळखळून हसायचा जो फोटो आहे तो बघितला की मला लगेच कळतं की समोर कोणीतरी म्हणालं आता हस, आता खाली बघ, आता केस मागे घे. मला तेच नको होतं. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून एक सेशन केलं, एका सिनियर मुलाकडे त्याच्या बाबांचा फिल्म कॅमेरा होता, आम्ही दोन रोल आणले आणि ज्या डायनरमध्ये आम्ही मॅचनंतर जायचो तिथे बसलो. त्यातल्या एका फोटोत माझ्या मैत्रिणीचा हात केचपच्या बाटलीवर आहे आणि ती मला काहीतरी सांगतेय, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या आईला तो अजिबात आवडला नाही. पण ती बोलताना अशीच दिसते! आता ती दुसऱ्या कोस्टला असते आणि माझ्या भिंतीवर तोच आहे.

फिल्मचं अजून एक, लगेच दिसत नाही. फोनवर काढला की दर फोटोनंतर सगळ्या धावत येऊन बघतात आणि मग माझा हात जाड दिसतोय, परत काढ. फिल्मवर ते करताच येत नाही त्यामुळे आम्ही अर्ध्या तासाने कॅमेरा विसरलो. महाग आहे पण, रोल, डेव्हलपिंग, स्कॅन सगळं धरून, त्यामुळे पूर्ण सेशन फिल्मवर नका करू. बरेच फोटोग्राफर डिजिटलवर काढतात आणि सोबत एखादा रोल मारतात, तसं विचारा.

ड्रेपचा पण काढला मी. दहा मिनिटं लागली. आईला आणि आजीला तोच आवडतो, ठीक आहे, तो त्यांचा.

साडीचं मी केलं होतं आणि माझं एकच सांगणं आहे की साडीतला फोटो पण तिच्या पद्धतीने काढू द्या. मला आधी स्टुडिओत काळ्या बॅकड्रॉपपुढे उभं केलं, दागिने, पदर हातावर पसरून, आणि मी नाटकात काम करतेय असं दिसत होतं. मग बाहेर गाडीजवळ आल्यावर मी निऱ्या वर धरून कॉन्व्हर्सचे कॅनव्हास शूज घालत होते तेव्हा काढलेला फोटो सगळ्यांना आवडला, अगदी आजीला पण. काठ नीट दिसतोय, पदर खांद्यावर आहे आणि मी मीच दिसतेय.

आणि प्लीज रेल्वे ट्रॅकवर नका जाऊ, अजूनही लोक जातात आणि पिंटरेस्टवर अजून ते फोटो फिरतात.

उजेड_सावली

बावीस, ट्रॅकबद्दल लिहिलंस ते फार बरं केलंस. ते नुसतं जुनं झालंय म्हणून नाही, ते बेकायदा आहे, ट्रॅक ही रेल्वे कंपनीची खाजगी जागा असते, आणि ताशी ५५ मैलांवर असलेल्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा जास्तच लागतं. असे सेशन करताना माणसं मेलीयेत. जो फोटोग्राफर ट्रॅक सुचवेल त्याला तिथेच नको म्हणा.

नेपरव्हिलकर

मला वेगळं मत मांडायचंय. आमचा मुलगा १९९६ चा सिनियर. मॉलमधल्या स्टुडिओत काढलेला फोटो, मागे निळा धुरकट बॅकड्रॉप, सूट, हाताची घडी. आमच्या हॉलमध्ये ओकच्या फ्रेममध्ये तो अजून आहे, सुनेने लग्नानंतर पहिल्यांदा घरी आल्यावर त्याच्यासमोरच उभं राहून मला विचारलं होतं की हा तेव्हा कसा होता. चेहरा सरळ दिसतो, डोळे दिसतात, तो सतरा वर्षांचा कसा होता ते कळतं. अंधारातल्या, केसांमागे लपलेल्या फोटोत हे कसं कळणार? स्टुडिओतल्या उजेडाला शंभर वर्षांची मेहनत आहे, बाजूने मऊ प्रकाश, डोळ्यांत एक ठिपका, नाकाची सावली ओठावर येऊ द्यायची नाही. हे फॅशन म्हणून आलेलं नाही, चेहरा चांगला दिसावा म्हणून लोकांनी शोधून काढलेलं आहे.

मुलांच्या आवडीचे काढा, अवश्य काढा. पण एक फोटो असा असू द्या ज्यात कुठलीच करामत नाही. आणि तो शाळेच्या दहा मिनिटांच्या घाईतला नको, जरा वेळ देऊन काढणाऱ्याकडून काढा. मी तर म्हणेन पैठणी तिथेच नेसवा.

उजेड_सावली

काका, तुमचं उजेडाबद्दलचं अगदी बरोबर आहे आणि गंमत बघा, स्टुडिओ परत येतोय. साधा करडा किंवा पांढरा कागद, एक मोठा लाइट, एक स्टूल, बास. मासिकातल्या फोटोंसारखं. गेल्या काही वर्षांत गवत आणि सूर्यास्त नको म्हणून मुली स्वतःहून हे मागायला लागल्यात. करामत नाही असा फोटो म्हणता ना, तो सध्या मुलांनाही आवडतोय, फक्त त्यांना हाताची घडी नकोय.

ओहायोची_आई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं. बावीसचा केचपवाला फोटो ऐकून ती उठून बसली आणि तिला पण मैत्रिणींसोबत एक सेशन करायचंय आता. काकांचं पण तिला पटलंय, तिचं म्हणणं करडा बॅकड्रॉप चालेल पण तिथे पैठणी नको, पैठणी बाहेर आणि रात्रीची.

म्हणजे आता असं ठरतंय, जुलैमध्ये शाळेचा ड्रेपचा, तो फक्त इयरबुकसाठी, पॅकेज नाही. बंद गळ्याबद्दल आजच ईमेल केला, लेकीलाच नको होते उघडे खांदे, पण ती बोलली नव्हती. आणि मग फॉलमध्ये बाहेरचा फोटोग्राफर. एक मुलगी सापडलीये कोलंबसजवळची, तिच्या पेजवर देसी, ब्लॅक, सगळे चेहरे आहेत आणि रंग खरे दिसतायत. तिने सिटिंगची फी वेगळी आणि फाइल्सचे पैसे वेगळे सांगितलेत, हे असंच असतं का? फाइल्स घेतल्या की त्या आमच्या झाल्या ना? आणि स्टेट पार्कमध्ये काढायला काही परवानगी लागते का, कोणीतरी घाबरवलंय. आणि रात्री पैठणीवर फ्लॅश मारला तर जरीचा काठ चमकेल का हो?

उजेड_सावली

एकेक सांगतो.

फी वेगळी आणि फोटो वेगळे हे सर्रास आहे. सिटिंगचा आकडा छोटा दिसतो आणि खरा खर्च फाइल्स आणि प्रिंटमध्ये असतो, तर बुक करायच्या आधी पूर्ण रेटकार्ड मागा, किती फाइल्स, पूर्ण साइजच्या का, एडिट केलेल्या किती. चांगल्या फोटोग्राफरला हे विचारलेलं आवडतं.

फाइल्स तुमच्याकडे आल्या तरी इथल्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचाच राहतो, तुम्ही लेखी विकत घेतला नाहीत तर. तुम्हाला लागतं ते प्रिंट रिलीज, म्हणजे घरच्या वापरासाठी प्रिंट काढायची लेखी परवानगी. ते जपून ठेवा, मोठ्या दुकानांच्या फोटो काउंटरवर प्रोफेशनल दिसणारा फोटो नेला की ते मागतात आणि नसेल तर छापून देत नाहीत. त्याच कागदात हेही लिहून घ्या की फोटोग्राफर ते फोटो तिच्या पेजवर टाकणार का. मुलगी अठराच्या आतली असेल तर त्यावर तुमची सही लागते, आणि लेकीला पण विचारा, काहींना आवडतं, काहींना अजिबात नाही. इयरबुकला बाहेरचा फोटो द्यायचा असेल तर शाळेला देण्याची परवानगी पण त्यातच.

पार्कचं, पैसे घेऊन फोटो काढणाऱ्याला बऱ्याच स्टेट पार्क, मेट्रो पार्क आणि बॉटनिकल गार्डनमध्ये परमिट लागतं, प्रत्येकाचे नियम वेगळे. नॅशनल पार्कमध्ये २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलला, सहापेक्षा कमी माणसं असतील, सामान हातात मावणारं असेल आणि कोणाला अडथळा होत नसेल तर परमिट लागत नाही, पण हे स्टेट पार्कला लागू नाही. परमिट काढणं फोटोग्राफरचं काम आहे, तुमचं नाही, फक्त काढलंय का ते विचारा. रात्रीचा पार्किंग लॉट पण कोणाच्या तरी मालकीचा असतो हे लक्षात ठेवा, दुकान बंद झाल्यावर तिथे फ्लॅश उडाले की पोलीस चौकशीला येऊ शकतात. एखाद्या ओळखीच्या दुकानाला आधी सांगून ठेवलं की प्रश्न मिटतो.

आता पैठणी. हो, जरीचा काठ चमकेल, आणि म्हणूनच लेकीची कल्पना मला फार आवडली. समोरून सपाट फ्लॅश मारला तर सोन्याचा काठ एकदम पांढरा होऊन जातो, नक्षी उडते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून थोडा बाजूला, हातभर अंतरावर आणि वरून धरला की मोर आणि वेली उठून दिसतात आणि तरी तो रात्रीचा रोखठोक लूक राहतो. आधी दोन चार फोटो काढून काठाकडे झूम करून बघायला सांगा, पांढरा पडत असेल तर फ्लॅशची ताकद कमी करायची. रेशमी साडी थंडीत चापून नेसता येत नाही, हात गारठतात, त्यामुळे घरूनच नेसवून न्या आणि गाडीत पदर सोडून बसवा. सेफ्टी पिना जास्तीच्या ठेवा.

तारीख सप्टेंबरच्या शेवटी घ्या. सूर्यास्ताच्या तासभर आधी मैत्रिणींचे साध्या कपड्यातले, मग अंधार पडल्यावर साडी. उलट क्रम नको. आणि पावसासाठी दुसरी तारीख आत्ताच ठरवून कागदावर घ्या, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना एकदमच जाग येते आणि चांगल्या फोटोग्राफरकडे शनिवार मिळत नाही.